कुजबुजीचा डबा

भाचीकडून मामाला
६ फेब्रुवारी

नाही, आधी माझं पूर्ण ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल! दरवेळी तू मध्येच तोंड घालतोस. पत्रातसुद्धा घालतोस, कसं जमतं तुला कोण जाणे. आणि 'ऐकून घे' म्हटलं म्हणून हसू नकोस, मामा. कान गेले असतील तुझे, डोळे आहेत ना? डोळ्यांनी ऐक.

'तू नीट बघितलं नसशील' हे तुझं वाक्य उत्तरात येणार, मला आत्ताच दिसतंय. खोडून टाक ते. मी नीट बघितलं. तुझी आकृती भिंतीला चिकटवली, एकेक तार पडताळून जोडली, बॅटरी लावली. स्पीकरमधून हूं नाही की चूं नाही. आणि त्या आठ पायांच्या चिपला बोट लावलं तर असा चटका बसला की मी ओरडलेच. आई मशीनवरून म्हणाली, "काय भाजलं, बोट की पदवी?"

मग मी ती आकृती घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथली मुलगी बघतच राहिली. म्हणाली, "ही कोणी काढलीय? आरशात बघून काढलीय का?" उजवीकडचे पाय डावीकडे, डावीकडचे उजवीकडे! म्हणजे मी बॅटरी दिली ती भलत्याच पायाला. चिप मेली. तुझ्यामुळे मेली. सुतक तू पाळ.

मी एवढी का चिडले ते सांगते. तुला निम्मं माहीत आहे, निम्मं नाही.

बाबांच्या गळ्यातली गाठ काढताना आवाजाची नस वाचवता आली नाही, हे तुला माहीत आहे. बसस्थानकावर घोषणा करताना ज्यांच्या आवाजावर गाड्या सुटायच्या ते आमचे बाबा आता नुसती कुजबुज करतात. शेजारी बसलं तर कळतं, खोलीपलीकडे नाही. आणि आई दिवसभर शिवणयंत्रावर. त्या मोटारीच्या घरघरीत तिला दारावरची थाप ऐकू येत नाही, तिथं कुजबुज कुठली.

तुला माहीत नाही ते असं. मागच्या महिन्यात बाबा न्हाणीघरात अडकले. कडी बसली ती निघेना. मी बाहेर गेले होते. बाबा आतून दार ठोकतायत, बोलावतायत, आणि आई इकडे गणवेशांच्या बाह्या जोडतेय. बॉबिनमधला दोरा संपला, मशीन थांबलं, तेव्हा तिला ठोकणं ऐकू आलं. बाहेर आले ते हसत आले. पण बोटांची पेरं लाल झाली होती. त्या दिवसापासून बाबा कोणाला हाकच मारत नाहीत. घंटी लावून दिली तर काढून टाकली. म्हणाले, "मी काय दारावर आलेला पाहुणा आहे?"

आणि मला एक एप्रिलला रुजू व्हायचंय. पाणी तपासायची प्रयोगशाळा, एका दिवसाच्या प्रवासावर. एवढे अर्ज केल्यावर ही एक नोकरी मिळाली. पण बाबांची हाक आईपर्यंत पोचत नसेल तर मी कशी जाऊ? तूच सांग.

तर नवी आकृती पाठव. सुलटी.

तुझी
किरकिरी (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


मामाकडून भाचीला
११ फेब्रुवारी

किरकिरे,

तू नीट बघितलं नसशील असं मी लिहिणारच होतो. मग आकृती परत काढून बघितली आणि कान पकडले. तुझ्या मामीला सांगितलं, तर ती इतकी हसली की मला ते हसणं जमिनीतून जाणवलं.

झालं असं. मी आयुष्यभर रेडिओ उलटे करून बघितले. लोक रेडिओ समोरून बघतात, आम्ही त्याचं पोट बघतो. सोल्डर खालून लावायचं, म्हणून पायसुद्धा खालून मोजायचे. आमच्या उस्तादांनी तसंच शिकवलं आणि हात तसाच वळला. मी तुला चिप खालून दिसते तशी काढून दिली. तू ती वरून बसवलीस. तू बरोबर, मीही बरोबर, आणि बिचारी चिप मधल्यामध्ये गेली.

नव्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'वरून' असं लिहिलंय. सोबत दोन चिपा आहेत. दुसरी का, ते विचारू नकोस.

आता एक गोष्ट समजून घे, म्हणजे नुसतं बघून जोडणार नाहीस. माइकच्या तोंडाशी कुजबुजलं की त्यातून वीज निघते, पण इतकी बारीक की स्पीकरच्या पडद्याला गुदगुलीसुद्धा होत नाही. स्पीकर म्हणजे आळशी माणूस. त्याला ढकलायला दम लागतो. तो दम बॅटरीत आहे. चिपचं काम एवढंच, की माइककडून इशारा घ्यायचा आणि त्या इशाऱ्यावर बॅटरीचा दम सोडायचा. पहिल्या आणि आठव्या पायामध्ये तो छोटा कपॅसिटर लावलास की ती जास्त जोरात सोडते. आधी त्याच्याशिवाय करून बघ.

आवाज आला की नाही हे मी कसं तपासतो, माहीत आहे? स्पीकरच्या पडद्यावर करंगळीचं टोक ठेवतो, हलकं, फुंकर घातल्यासारखं. पडदा हलला की कळतं. ऐकू येत होतं तेव्हाही असंच करायचो. तेव्हा गिऱ्हाईक हसायचं.

आणि अगं, मेसेज कर म्हणून मागे लागू नकोस. माझी बोटं जाड, आणि फोनवर आकृती काढता येत नाही. शिवाय तुझी पत्रं मी दोनदा वाचतो. कान गेल्यापासून आवाजाबद्दल मला कोणी काही विचारतच नव्हतं. लोकांना वाटतं, ह्याला काय विचारायचं. तू विचारलंस. चटका बसला तरी परत विचारलंस. बरं वाटलं बघ.

दाजींना नमस्कार सांग. ताईला सांग, पदवी भाजत नाही, फार तर करपते.

मामा


भाचीकडून मामाला
१८ फेब्रुवारी

मामा, वाजला!

म्हणजे आधी किंचाळला. आईचा बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात सगळं बसवलं. चिप, बॅटरी, माइक, स्पीकर, सगळं एकाच डब्यात. चालू केला आणि अशी शीळ निघाली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. बाबांनी दोन्ही कान झाकले. तुझी आठवण झाली, तू असतास तर आरामात बसला असतास.

मग मी डोकं चालवलं. माइक लांब तारेवर काढला. डबा आईच्या मशीनजवळ ठेवला, तार भिंतीच्या कडेने मागच्या खोलीत बाबांपर्यंत नेली. शीळ गेली. पण आता डब्यातून सतत घूंऽऽऽ. आणि आईने मशीनच्या पेडलवर पाय ठेवला की ते घूं मोठं होतं. म्हणजे मशीनची घरघर मशीनमधून ऐकू येते ती येतेच, वर डब्यातूनही येते. आई म्हणाली, "छान, आता मला दोन मशीनं झाली."

शेवटी मशीन बंद केलं आणि बाबांना म्हटलं, बोला. ते म्हणाले, काय बोलू? आणि ते 'काय बोलू' डब्यातून आलं.

मामा, तुला कसं सांगू. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं मला? वाटलं होतं की डब्यातून बाबा येतील. ते बसस्थानकावरचे. आली ती कुजबुजच. नुसती मोठी. वारा सुटल्यासारखी, शब्दांना कडा आहेत पण पोट नाही. आईने दुसरीकडे बघितलं. बाबांनी माइक खाली ठेवला, डब्यावर हात फिरवला, "छान केलंयस गं," असं म्हणाले, ओठांनीच, आणि खोलीत गेले.

तू हे आधी सांगायचं होतंस. तुला माहीत होतं ना?

मी


मामाकडून भाचीला
२२ फेब्रुवारी

किरकिरे,

माहीत होतं. तुलाही होतं. शास्त्र शिकलीस ना तू? जे आहे तेच मोठं होतं. जे नाही ते आणायचं काम चिपकडे नाही, तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. पण कुजबुजीत शब्द होते की नाही? 'काय बोलू' कळलं की नाही? मग त्या डब्यावर रुसू नकोस, त्याने त्याचं काम केलं.

आता तुझी चूक ऐक. (तुझी म्हटलं की कसं भारी वाटतं!) तू अशक्त आवाज घेतलास आणि तसाच अख्ख्या घरभर फिरवलास. वाटेत भिंतीतली वीज त्यात घुसली, मशीनची मोटार घुसली. मग चिपने सगळंच मोठं केलं, दाजींची कुजबुजही आणि वाटेतला कचराही. उलट कर. डबा दाजींच्या जवळ ठेव. माइकची तार वीतभर. आवाजाला तिथल्या तिथे दम दे, आणि मग तो धडधाकट झालेला आवाज लांब तारेवरून पाठव. स्पीकर एकटाच मशीनपाशी जाऊ दे. धडधाकट आवाजाला वाटेत कोणी त्रास देत नाही.

शीळही येणार नाही. माइक आणि स्पीकर समोरासमोर बसवले की ते एकमेकांचंच ऐकत बसतात, तुझ्या दोन्ही आत्यांसारखे.

स्पीकरला उघडा ठेवू नकोस. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसव, पोट भरल्यासारखा वाजेल.

मामा


भाचीकडून मामाला
४ मार्च

मामा,

तू सांगितलंस तसं केलं. स्पीकर दोऱ्याच्या रिळांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आईच्या उजव्या हाताशी. डबा मागच्या खोलीत बाबांच्या टेबलावर. घूं गेलं. शीळ नाही. मी मागे जाऊन कुजबुजले, "आई, ऐकू आलं?" तर मशीन चालू असताना आई ओरडली, "आलं! एवढ्या जवळ येऊन काय बोलतेस!" तिने वळून बघितलं तर तिथे कोणीच नाही. जीव भांड्यात पडला माझा. खरंच, मनापासून, तुझे पाय कुठे आहेत ते सांग, धरते.

पण.

रोज सकाळी डबा आजारी. संध्याकाळी ठणठणीत असतो, सकाळी चालू करावा तर फट् फट् फट्, जुनी मोटारसायकल सुरू होत नाही तसा. बॅटरी उतरल्यावर असं होतं, हे तुझ्याच कागदावर लिहिलंय. नवी बॅटरी घातली. दुसऱ्या दिवशी परत फट् फट्. परत नवी. परत तेच. बटण बंद करून ठेवते, तारा तपासल्या, दुसरी चिपसुद्धा लावून झाली. कुठून गळतेय कळत नाही. मी हात टेकले.

आणि बाबा बोलतही नाहीत त्यात. "चालतोय का आज?" असं विचारतात, मी नाही म्हटलं की मान हलवतात आणि वर्तमानपत्र उघडतात. बहुतेक त्यांना तो आवाज सहन होत नाही आणि मला वाईट वाटू नये म्हणून विचारतात.

जो डबा रोज मरतो त्याच्या भरवशावर मी कशी जाऊ? परत कडी अडकली तर? मी प्रयोगशाळेला नकार कळवणार आहे. मजकूर तयार आहे, सोमवारी पाठवते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं सगळं केलंस. एवढ्या लांबून, एवढ्या आकृत्या. मी विसरणार नाही.

मी

*

बारक्या, हे खालचं मी लिहितेय, तुझी ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन गेलीय.

तुझा डबा चांगला आहे. त्याला काही झालेलं नाही. बॅटरी हे बदलतात. रोज ती झोपली की चांगली काढतात आणि उतरलेली घालतात. चांगल्या सगळ्या चष्म्याच्या जुन्या डबीत आहेत. मी बघितलं तेव्हा दटावलं, म्हटलं, काय हो हे, लहान आहात का? तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "डबा चालला की पोरगी चालली."

मी डबी परत होती तिथे ठेवली. आणि खरं सांगू? मीही गप्प बसले. मलाही वाटलं, उतरू दे बॅटरी. पण ती नोकरीला नाही म्हणतेय हे आत्ता वाचलं. आता तूच काहीतरी कर. माझं हे ऐकणार नाहीत, कारण मीच त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना माहीत आहे.


मामाकडून दाजींना
८ मार्च

दाजी, नमस्कार.

नऊ व्होल्टची बॅटरी एका रात्रीत उतरत नाही. मी एवढंच लिहिणार होतो. तुम्ही समजला असतात. पण आता बसलोच आहे लिहायला, तर थोडं जास्त लिहितो.

माझे कान जायला लागले तेव्हा मी तुमच्याकडे महिनाभर राहिलो होतो, आठवतं? घरचे सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे. ओरडलं की माणसाचं तोंड वाकडं होतं, मला आणखीच काही कळायचं नाही. तुम्ही एकटे ओरडला नाहीत. समोर खुर्ची ओढून बसलात, दिव्याकडे तोंड करून, आणि घोषणा करतात तसे बोललात. प्रत्येक अक्षर ओठांवर आणून ठेवायचं, मग सोडायचं. तुम्हाला ती सवयच. मी ओठ वाचायला शिकलो ते तुमच्या ओठांवर. पहिलं वाक्य मी वाचलं ते, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' दोघंही किती हसलो होतो.

त्यामुळे खरं सांगतो, रागावू नका. ऑपरेशननंतर तुम्हाला भेटायला आलो तेव्हा ताई दारातच रडली, आवाज गेला म्हणाली. मी आत आलो, तुम्ही बोललात, आणि मला काहीच गेलेलं दिसलं नाही. ओठ तेच. शब्द तेच. माझ्या लेखी तुमचा आवाज शाबूत आहे, दाजी. जगात तसं म्हणू शकणारा मी एकटाच असेन बहुतेक. त्याचं मला बरं वाटतं आणि थोडा माजही आहे.

डबा तुम्हाला आवडला नाही तर फेकून द्या. पण तो वाजत नाही असं त्या पोरीला वाटू देऊ नका. तिने बोट भाजून घेतलंय त्याच्यासाठी. ती न जाता थांबली तर तुमच्या शेजारी बसेल, तुमची कुजबुज तिला कळेल, सगळं खरं. पण रोज तिचं तोंड बघून तुम्हाला त्या डबीतल्या बॅटऱ्या आठवतील. मला तुमचा स्वभाव माहीत आहे. तुम्हाला जेवण जाणार नाही.

मी येत्या शनिवारी येतोय. ताईला सांगा, मला वेगळं काही करू नको. समोर खुर्ची ठेवा आणि दिवा लावा. भांडायचंय तुमच्याशी.

तुमचा मेव्हणा


दाजींकडून मामाला
१९ मार्च

मेव्हण्या,

तू पोचलास का, हे कळवलं नाहीस. नेहमीचंच.

तू गेल्यावर घरात जरा शांत वाटलं. गंमत बघ, एकाला ऐकू येत नाही आणि एकाला आवाज नाही, पण घर शांत झालं ते तू गेल्यावर. पोरगी दारात उभी राहून आपल्याकडे बघत होती, तुला दिसलं नसेल, तुझी पाठ होती. तू मला 'खोटारडे' म्हणालास ना, तेव्हा ती दचकली. मी तुला काय म्हणालो ते तिला ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.

ऑपरेशन झाल्यापासून माझ्याशी कोणी भांडलंच नव्हतं रे. सगळे हो हो करतात. मी काय बोललो ते कळलेलं नसतं, तरी हो म्हणतात, मायेने म्हणतात, पण माणसाला वाटतं आपण भिंतीशी बोलतोय. तू मध्येच मला तोडलंस, 'चूक!' म्हणालास, टेबलावर हात आपटलास. मला किती बरं वाटलं ते तुला लिहून दाखवता येत नाही. तुझे आभार मानायचे तर तू तोंड फिरवतोस आणि मग तुला ऐकू येत नाही, ही तुझी युक्ती मला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय. आता कुठे फिरवशील?

चष्म्याची डबी मी तिच्या हातात दिली. सगळ्या बॅटऱ्या बघून तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे. मला वाटलं चिडेल. ती खाली बसली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, मी दुसरी चिपसुद्धा बदलली हो!" मग थोडी रडली. मग परत हसली.

मी डबा पुढ्यात ओढला आणि पहिली घोषणा केली. काय करावी कळेना, खरंच चष्मा सापडत नव्हता, तेच म्हटलं, "अहो, चष्मा कुठे आहे?" तिकडे मशीन थांबलं नाही, नुसता तुझ्या ताईचा आवाज आला, "डोक्यावर बघा!"

डोक्यावरच होता.

तुला सांगतो, मला माझा जुना आवाज परत मिळाला असता तरी इतका आनंद झाला नसता. जुन्या आवाजाला कोणी 'डोक्यावर बघा' म्हणायचं नाही. गाड्या सुटायच्या फक्त.

नकाराचं पत्र तिने पाठवलेलं नव्हतं. सोमवारी तिला सर्दी झाली होती म्हणे. ती तीसला निघतेय.

दाजी


भाचीकडून मामाला
३० मार्च, बसमधून

मामा,

अक्षर वाकडं येतंय, कारण इंजिन चालू आहे आणि चालक चहाला गेलाय. तेवढ्यात लिहून घेते. हे पत्र मी खिडकीतून बाबांच्या हातात देणार आहे, ते पेटीत टाकतील. वाचायचं नाही असं बजावलंय. वाचतीलच.

आई आली नाही. म्हणाली, मला गणवेश द्यायचेत, आणि मला न बघता सुईत दोरा ओवत बसली. तीनदा चुकला. मी निघताना मशीनच्या घरघरीतच ओरडली, "पोचलीस की कळव!" मला ऐकू आलं, हे तिला सांग.

बाबा आले ते कापडी पिशवी घेऊन. मला वाटलं, डबा दिलाय आईने खाऊचा. बाबांना बसस्थानकावर अजून सगळे ओळखतात. तिकीट खिडकीवरचे उठून उभे राहिले. आता घोषणा यंत्रातून होतात, कोणा बाईचा छापील आवाज, सगळ्या गाड्यांना सारखाच. बाबा थोडा वेळ वर कर्ण्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आणायला नको होतं यांना इथे.

मग त्यांनी पिशवीतून बटणांचा डबा काढला. आणि तारेची गुंडाळी. आणि रिळांचं खोकं.

खोकं त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतः खाली फलाटावर, डबा छातीशी, माइक ओठांशी. मधे तार. कंडक्टर बघतोय, शेजारची बाई बघतेय, मागच्या सीटवरचं बाळसुद्धा बघतंय. बाबांनी घसा साफ केला. (तो पण वाजला डब्यातून. तुझा कपॅसिटर जोरात आहे.) आणि मग:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी वेळेवर सुटेल. प्रवाशांना नम्र विनंती, खिडकीबाहेर हात काढू नये."

मी हात काढला होता, मामा. त्यांच्याकडे.

पूर्ण स्थानकात कोणालाच गेलं नाही ते ऐकू. तीन-चार सीटपुरतं गेलं असेल. वर त्या बाईचं चालूच होतं. पण माझ्या मांडीवर गाडी वेळेवर सुटेल असं बाबा म्हणाले. ते म्हणाले! ते काहीही म्हणू शकले असते, रद्द म्हणू शकले असते, उशीर म्हणू शकले असते. आयुष्यभर किती गाड्यांना त्यांनी 'विलंबाने' म्हटलंय. मी पडद्यावर करंगळी ठेवली होती, तू ठेवतोस तशी. अजून बोटात ते हलणं आहे. सोडवतच नाही.

शेजारची बाई डोळे पुसतेय. तिचं कोण आहे इथे, काही कळत नाही.

तुझ्यामुळे हे झालं. नाही, मध्ये बोलू नकोस! तुझ्या उलट्या आकृतीमुळे, सुलट्या आकृतीमुळे, तू ओरडून भांडलास त्याच्यामुळे, आईने पाकीट उघडं ठेवलं त्याच्यामुळे. मला सगळ्यांचे आभार मानायचेत आणि चालक चहा संपवून येतोय.

खोकं परत देते आता. तार ओढली जाईल नाहीतर.

दिलं. बाबांनी डबा बंद केला, तार गुंडाळली, सगळं पिशवीत टाकलं. आणि आता खाली उभे राहून काहीतरी बोलतायत. खिडकीपलीकडून, इंजिनाच्या आवाजात, डबा बंद. दिव्याखाली उभे आहेत, तोंड वर करून. प्रत्येक अक्षर ओठांवर आणून ठेवतायत.

वाचता येतंय मला. "ऐकू आलं?"

घंटी झाली. मामा, तू समोर बसून सांग त्यांना, आलं म्हणून. मला आता वेळ नाही, पत्र खिडकीतून द्यायचंय, गाडी हललीसुद्धा,